चार बरण्या ओट्स, चार बरण्या खळ

"पंच्याण्णव म्हणजे पंच्याण्णव," सुरक्षा अधिकारी म्हणाला होता. "वर शंभर ग्रॅम दिसले तरी तुम्ही खाली. फाटकावर बसायचं आणि आल्यागेल्याचे पास तपासायचे."

हे ऐकलं तेव्हा क्रेनवाल्याचं वजन होतं एकशे दोन किलो. उंच बांधकामावरच्या क्रेनला मानेपाशी एक काचेची खोली असते. त्या खोलीत तो अठरा वर्षं बसत आला होता. आता कंपनीने तिथे सुटकेचा पट्टा बसवला होता. वर काही आग वगैरे लागलीच, तर माणसाने पट्टा कमरेला बांधून दोरावरून खाली यायचं. पट्टा शंभर किलो पेलणारा. त्यातून बूट, हेल्मेट आणि हत्यारांचे पाच किलो वजा केले की माणसाच्या वाट्याला उरतात पंच्याण्णव. यात हुज्जत घालायला कुठेच जागा नव्हती, आणि म्हणूनच क्रेनवाल्याला त्याचा इतका राग आला.

"सहा आठवडे देतो," अधिकारी म्हणाला आणि त्याने एक पत्रक पुढे केलं. पत्रकाचं नाव होतं ‘न्याहारी सुधारा’.

तोवर क्रेनवाल्याची न्याहारी म्हणजे चार अंडी, सहा पाव, पावांवर दिसेल इतकं लोणी आणि काल उरलेले तळलेले बटाटे. पत्रकात यातलं काहीच नव्हतं. घरी येऊन त्याने पत्रक भिंतीवर चिकटवलं आणि जाहीर केलं, "ठरवलं. उद्यापासून न्याहारी सुधारली."

"आणि नाही उतरलं वजन, तर काय आभाळ कोसळणार आहे?" बायको म्हणाली. "बसा की खाली फाटकावर. खुर्ची असते, पंखा असतो. दोन्ही पाय जमिनीवर असतात."

"अगं, फाटकावर बसून मी काय करू?"

"सगळे करतात ते. लोकांकडे बघा आणि जांभया द्या."

बायकोचा पुस्तकबांधणीचा व्यवसाय. आजूबाजूचे तिला बाइंडरबाई म्हणत. तिची कामाची खोली घरातच होती आणि तिच्या टेबलासमोरच्या खिडकीतून, दोन रस्ते पलीकडची ती क्रेन सबंध दिसायची. वारा सुटला की क्रेनचा हात जरासा हलायचा. तो हलला की बाइंडरबाई हातातला ब्रश खाली ठेवायची आणि हात थांबेपर्यंत खिडकीतून बघत बसायची. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याला एकदाही विचारलं नव्हतं, वर कसं असतं म्हणून. तिला ते माहीतच करून घ्यायचं नव्हतं.

पण क्रेनवाल्याने ठरवलं होतं, आणि त्याचं ठरवलं म्हणजे ठरवलं. पहिल्या आठवड्यात त्याने दुकानातून ‘आरोग्यदायी’ सीरियलचं खोकं आणलं. खोक्यावर धावणाऱ्या सडपातळ माणसाचं चित्र होतं आणि आत मधात घोळवलेले गोड कुरकुरीत गोळे होते. एका वेळचं प्रमाण तीस ग्रॅम, असं बाजूला बारीक अक्षरात छापलं होतं. तीस ग्रॅम त्याने वाटीत काढले, बघितले, आणि वाटीत काहीतरी सांडलंय असं समजून त्यावर खरी न्याहारी वाढून घेतली. खोकं दोन दिवसांत संपलं. वजन एकशे तीन झालं.

"खोक्यावरचा माणूस पळतोय ते उगाच नाही," सासूबाई म्हणाल्या. "घाबरून पळतोय तो."

सासूबाई म्हणजे बाइंडरबाईची आई. दोन वर्षांपूर्वी त्या लेकीकडे राहायला आल्या आणि आल्या दिवसापासून त्यांनी घराची शिस्त हाती घेतली. त्यांच्या हातून एकही भांडं दुसऱ्यांदा घासल्याशिवाय सुटत नसे.

मग क्रेनवाल्याने पत्रक पुन्हा नीट वाचलं आणि तो ओट्सवर आला. रात्री भिजवायचे, फ्रीजमध्ये ठेवायचे, सकाळी खायचे. पत्रकात लिहिलं होतं, दुधात भिजवा. याने पाण्यात भिजवले. पत्रक म्हणे वर फळं घाला, याने वर झाकण घातलं. ओट्स दातांत अडकतात म्हणून भिजवायच्या आधी तो ते मिक्सरमधून काढायचा. मग सकाळी बरणीतून जे निघायचं ते पांढुरकं, घट्ट आणि बेचव असायचं. चमचा त्यात उभा राहायचा. क्रेनवाला उभ्या चमच्याकडे एकदा बघायचा, डोळे मिटायचा आणि एका दमात बरणी संपवायचा. खाल्ल्यावर चेहरा असा व्हायचा की सासूबाई पाणी पुढे करायच्या.

"जावईबापू, जरा मीठ तरी घाला हो."

"नको आई. चव आली की माणूस जास्त खातो."

पाच आठवडे गेले. वजन मात्र खरोखर उतरत होतं. शंभर, अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव. त्याचं कौतुक बाइंडरबाईला वाटत होतं आणि धास्तीही वाटत होती. सहाव्या आठवड्यातल्या बुधवारी सकाळी काटा पंच्याण्णव पूर्णांक सहावर आला. रोज दोनतीनशे ग्रॅम उतरत होते. शनिवारी सकाळी नऊला कंपनीत वजन. बोटांवर मोजून झालं, शनिवारी बरोबर पंच्याण्णवच्या आत.

"आता फक्त गडबड व्हायला नको," क्रेनवाला म्हणाला. असं बोलू नये, पण बोलला.

आता फ्रीजकडे बघायला हवं. पुस्तकबांधणीला खळ लागते. बाइंडरबाई ती मैदा शिजवून घरीच करायची, किडे लागू नयेत म्हणून त्यात लवंगेच्या तेलाचे थेंब टाकायची आणि बरण्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवायची. बरण्या एकाच दुकानातून एकदम आणलेल्या. आठ काचेच्या बरण्या, आठ निळी झाकणं. चार बरण्या नवऱ्याच्या, चार हिच्या. फ्रीजमध्ये काचेला घाम फुटतो आणि बरणीवरची चिठ्ठी गळून पडते, हे बाइंडरबाईइतकं कुणाला कळणार? चिकटवण्यावरच तिचं पोट. म्हणून तिने चिठ्ठ्या बरण्यांना न लावता झाकणांवर लावल्या होत्या आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी मारली होती. चार झाकणांवर ‘ओट्स’, चार झाकणांवर ‘खळ’. या चिठ्ठ्या जन्मात निघाल्या नसत्या. निघाल्याही नाहीत.

बुधवारी दुपारी बाइंडरबाईने ताजी खळ केली. संध्याकाळी कामावरून आल्यावर क्रेनवाल्याने शनिवारपर्यंतचे आणि वर रविवारचे ओट्स भिजवले. आठही बरण्या भरल्या. आणि मग सासूबाईंना झाकणांना वास येतोय असं वाटलं. त्यांनी आठही झाकणं काढली, गरम पाण्याने घासली, पुसली, आणि ओट्सची चार एका रांगेत आणि दुसरी चार दुसऱ्या रांगेत अशी वाळत ठेवली. दुसरं कुणी असतं तर सगळी झाकणं मिसळून गेली असती आणि दुसऱ्या दिवशी लगेच भानगड उघडकीला आली असती. पण सासूबाई शिस्तीच्या. त्यांनी रांगेने उचलली, रांगेने लावली. फक्त रांगा उलट्या झाल्या.

गुरुवारी सकाळी क्रेनवाल्याने ‘ओट्स’ लिहिलेलं झाकण उघडलं, डोळे मिटले आणि चमचा तोंडात घातला. मग त्याने डोळे उघडले. हे मऊ होतं. गुळगुळीत होतं. घशातून आपोआप खाली जात होतं, आणि जाताना मागे लवंगेचा मंद वास ठेवत होतं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा त्याने बरणी बोटाने पुसून खाल्ली.

त्याच्या मनात आलं, बायकोने आपल्यासाठी गुपचूप लवंग घातली. एरवी ‘खाली बसा, खाली बसा’ म्हणते, पण शेवटी जीव आहे तिचा. त्याला एकदम भरून आलं.

"अगं, आज काय मस्त जमलंय!" तो कामाच्या खोलीच्या दारातून म्हणाला. "काय घातलंस?"

"बी काही घातलं दाही," बाइंडरबाई म्हणाली. तिला जबरदस्त सर्दी झाली होती, नाक चोंदलं होतं आणि डोळे वाहत होते.

"राहू दे, राहू दे. कळतं मला," म्हणत तो खुशीत निघून गेला.

बाइंडरबाईला असल्या गोष्टींना वेळ नव्हता. तिच्यासमोर कंपनीची वजनाची नोंदवही पडली होती. जाड, मोठी, कणा सुटलेली, पानं फाटलेली. क्रेनवाल्यानेच अधिकाऱ्याला सांगितलं होतं, "माझी बायको बांधून देईल, शनिवारी नऊच्या आत हातात." अठरा वर्षांत बाइंडरबाईने एकाही गिऱ्हाइकाला ‘वही तयार नाही’ असं म्हटलं नव्हतं. ताप असला तरी नाही. हा तिचा मान होता आणि तो ती जपून होती.

तिने ‘खळ’ लिहिलेलं झाकण उघडलं. खळ जरा करड्या रंगाची वाटली. मैद्याचं नवं पुडकं आहे, असेल तसं, म्हणून तिने मनावर घेतलं नाही. थोडी रवाळही होती, म्हणून तिने ती फडक्यातून गाळून घेतली. वास घेऊन बघावा तर नाक बंद. मग तिने फाटक्या पानांना पातळ कागदाच्या पट्ट्या लावल्या, कण्यावर कापड बसवलं, पुठ्ठे चिकटवले. शुक्रवारी दुपारी सगळी वही दाबयंत्रात ठेवून चाक घट्ट आवळलं.

तिकडे क्रेनवाल्याचं पोट आवळलं होतं.

गुरुवारी त्याला काही वाटलं नाही. शुक्रवारी सकाळी वाटायला हवं होतं ते वाटेना. संडासात तो वर्तमानपत्र घेऊन गेला आणि सबंध वाचून बाहेर आला, जाहिरातींसकट. काटा गुरुवारी होता तिथेच होता, पंच्याण्णव पूर्णांक तीन. एक ग्रॅम हलला नव्हता.

त्याने भिंतीवरचं पत्रक गाठलं. ‘ओट्समधील तंतूंमुळे पोट साफ राहते.’ म्हणजे कमी पडतायत, एवढाच त्याचा अर्थ. ठरवलं. त्याने त्या दिवशी एकाऐवजी दोन बरण्या खाल्ल्या, रविवारची धरून. दुपारच्या सुट्टीत जिना चारदा चढला-उतरला. संध्याकाळी जेवण सोडलं.

"पोट दगडासारखं झालंय," तो सासूबाईंना म्हणाला.

"ओट्स खा," सासूबाई म्हणाल्या. त्यांनीही पत्रक वाचलं होतं.

शनिवारी सकाळी घरच्या काट्याने पंच्याण्णव पूर्णांक सहा दाखवले. क्रेनवाल्याचे डोळे पांढरे झाले. तीन दिवस माणूस नेमाने खातो, पळतो, उपाशी राहतो, आणि काटा मागे जातो! दुसरा असता तर रडला असता. हा स्वयंपाकघरात गेला, शेवटची बरणी उघडली आणि उभ्या उभ्या संपवली. जाता जाता गुण आलाच तर येईल, असा त्याचा विचार.

"वही मी घेऊन येते मागून," बाइंडरबाई म्हणाली. "अजून दाबातून काढायचीय."

"नऊच्या आत आण. साहेब वजन केलं की लगेच त्यातच नोंद करतो." आणि मग पायात बूट घालता घालता तो म्हणाला, "अगं, जमेल ना गं?"

असं त्याने आजवर कधीच विचारलं नव्हतं. बाइंडरबाई नुसती "हं" म्हणाली आणि दाबयंत्राकडे वळली.

वही बाहेरून देखणी झाली होती. तिने पुठ्ठा उघडला, पानं चाळली, आणि मधेच तिचा अंगठा अडला. शेवटची तीसएक पानं, ज्यांना तिने पट्ट्या लावल्या होत्या, ती एकमेकांना चिकटून त्यांची एक फळी झाली होती. आजची नोंद व्हायची ते पान त्या फळीच्या पोटात. अठरा वर्षांत तिची खळ अशी कधी पाझरली नव्हती. तिने बरणी नाकाशी नेली. सर्दी आज सकाळीच उतरली होती. लवंगेचा वास नाही. बोट बुडवून चाटलं. बेचव. ही बेचव चव तिने पाच आठवडे नवऱ्याच्या चेहऱ्यावर पाहिली होती.

"आई!" ती ओरडली. "तू बरण्यांना हात लावलास?"

"बरण्यांना कशाला लावू? झाकणं घासली. कधी, बुधवारी."

"आणि?"

"आणि काय? लावली परत. झाकण ते झाकण."

बाइंडरबाईने बरणी तिच्यासमोर धरली. "आई, तीन दिवस ते खळ खातायत. चार बरण्या. मैदा!"

सासूबाईंनी चपला शोधायला सुरुवात केली. "तरीच म्हटलं, बरणी इतकी आवडीने कशी चाटतात. चल, मी पण येते."

कंपनीतल्या पत्र्याच्या केबिनमध्ये वजनाचा मोठा काटा होता, एक टेबल होतं, आणि कोपऱ्यात विजेच्या किटलीत चहाचं पाणी खदखदत होतं. दाराशी बदली उभा होता. क्रेनवाल्याच्या सुट्टीत जो वर बसायचा, त्याला सगळे बदली म्हणत. आज त्याने केस विंचरले होते.

"शहाण्णव पूर्णांक चार," अधिकारी वाचत होता.

"बूट," क्रेनवाला म्हणाला आणि बूट काढले. मग पँटचा पट्टा, किल्ल्या, घड्याळ, शर्ट. बनियनवर उभा राहिला.

"पंच्याण्णव पूर्णांक पाच."

"थांबा." क्रेनवाल्याने वळून तोंडात हात घातला आणि दोन दातांची कवळी काढून टेबलावर ठेवली. "आता फघा."

"पंच्याण्णव पूर्णांक पाच. दातांना वजन नसतं," अधिकारी म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. सडपातळ, नीटनेटका, स्वतःच्या डब्यावरही तारीख लिहिणारा. "मला वाईट वाटतं. पण पट्टा माणूस बघत नाही, वजन बघतो. नोंद करू या. वही कुठाय?"

नेमकी तेव्हाच बाइंडरबाई आत आली. छातीशी वही, मागे धापा टाकत सासूबाई. नवरा बनियनवर उभा, एका हातात पट्टा धरलेला, दात टेबलावर. त्याने बायकोकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली.

"अहो, ते ओट्स नव्हते," ती म्हणाली. "खळ होती. माझी. झाकणं बदलली."

"खळ?" क्रेनवाला म्हणाला. "फुस्तकांना लावतात ती?"

"तीच."

क्रेनवाल्याने हळूच पोटावर हात ठेवला. सगळा उलगडा त्याच्या चेहऱ्यावर पायरी पायरीने उतरताना दिसला. बदलीला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात घातलं.

"लवंग छान लागत होती," क्रेनवाला शेवटी म्हणाला.

"कारण काही का असेना," अधिकारी म्हणाला, "आकडा तो आकडा." त्याने वही उघडली, चाळली, आणि फळीपाशी अडला. नखाने उचकटून पाहिलं. पट्टी घालून पाहिलं. वही उलटी धरून झटकली. "पान उघडत नाही."

"सुट्ट्या कागदावर लिहा की साहेब," दारातून बदली म्हणाला.

"सुट्ट्या कागदावरची नोंद धरत नाहीत. माझंच परिपत्रक आहे. वजन आणि नोंद एकाच वेळी, वहीत." अधिकारी बाइंडरबाईकडे वळला. "बाई, हे आत्ता सुटेल का?"

बाइंडरबाईने किटलीकडे पाहिलं. वाफ चांगली जोरात येत होती. तिच्या कामातल्या कुणालाही विचारा, चिकटलेलं पान वाफेवर धरलं की दहा मिनिटांत सुटतं. दहा मिनिटं. मग पंच्याण्णव पूर्णांक पाच हा आकडा वहीत पडणार, नवरा फाटकावर खुर्चीत बसणार, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, कायमचा. अठरा वर्षं वारा सुटला की ब्रश खाली ठेवून खिडकीकडे बघणं आजपासून बंद. तिने फक्त हात पुढे करायचा होता.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीतून वर बघत होता. त्याची काचेची खोली तिथून दिसत होती. पाच आठवडे तो माणूस ते बेचव गिळत होता, तक्रार न करता, मीठसुद्धा न घालता. आणि शेवटी त्याला आडवं आलं ते तिचंच झाकण.

"नाही साहेब," बाइंडरबाई म्हणाली. "वही तयार नाही. अजून ओली आहे. सोमवारी देईन."

अठरा वर्षांत पहिल्यांदा ती हे वाक्य बोलली. बोलून झाल्यावर तिला वाटलं होतं तेवढं जड नव्हतं ते.

अधिकाऱ्याने सुस्कारा सोडला. "मग आजचं वजन झालंच नाही. सोमवारी सकाळी नऊ. वहीसकट. तोवर वर बदली."

रविवारभर घरात एकच उद्योग होता. क्रेनवाल्याने ताजे ओट्स भिजवले, दळले, गिळले. कोमट पाण्याचे तांबे प्यायला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घातल्या. सासूबाईंनी त्याच्यासाठी मनुका भिजवल्या आणि दर अर्ध्या तासाने विचारलं, "काही?" आणि तो म्हणाला, "नाही." बाइंडरबाई आतल्या खोलीत एकेक पान वाफेवर धरून सोडवत होती. दुपारी अडीच वाजता संडासाचं दार लागलं. बराच वेळ सामसूम होती. मग आतून असा एक आवाज आला की बाइंडरबाईच्या हातातली पट्टी खाली पडली.

"सुटलं!" क्रेनवाला आतून ओरडला.

"माझं पण!" बाइंडरबाई शेवटचं पान उलटत ओरडली.

सोमवारी काटा चौऱ्याण्णव पूर्णांक चारवर थांबला. कवळी तोंडात असताना. बदलीने विंचरलेले केस विस्कटले आणि तो चहाला गेला. अधिकाऱ्याने आकडा वहीत सुवाच्य अक्षरात लिहिला, मग वही एका पुठ्ठ्याला धरून उचलली, लोंबकळवली, हलवली.

"जबरदस्त," तो म्हणाला. "अशी घट्ट बांधणी मी पाहिली नाही. कसली खळ वापरता?"

"घरचीच," बाइंडरबाई म्हणाली.

"माझ्या बारा वह्या आहेत. सगळ्यांना हीच लावा." खूश होऊन त्याने किटली चालू केली आणि वही तिच्या शेजारी ठेवली. पाणी उकळलं. वाफ वहीच्या कोपऱ्यावर गेली, आणि मागची दोन पानं, जी बाइंडरबाईच्या नजरेतून सुटली होती, ती आपोआप अलग झाली आणि हळूच उघडली.

क्रेनवाल्याने ते पाहिलं. किटलीकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं.

"अगं, शनिवारी ही किटली..."

"जा आता वर," ती घाईघाईने म्हणाली. "उशीर होतोय तुम्हाला."

तो गेला. त्या दिवशी दुपारी वारा सुटला, तेव्हाही बाइंडरबाईने ब्रश खाली ठेवला.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ती त्या बारांतल्या पहिल्या वहीला ओट्स फासत होती. त्याच्या उद्याच्या न्याहारीचे. फ्रीजमधल्या चारही बरण्या रिकाम्या झाल्या होत्या. त्याने नवीन भिजवायला घेतले, आणि तिने मान वर न करता विचारलं, "वरून काय दिसतं हो?"

क्रेनवाला मिक्सरचं बटण दाबायचा थांबला. अठरा वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला होता.

"नदी दिसते. रस्ते दिसतात. आपली खिडकी दिसते." त्याने मिक्सरवरचा हात काढला. "वारा सुटला की तू ब्रश खाली ठेवतेस, ते दिसतं. मग मी क्रेनचा हात वाऱ्याकडे सोडून गप्प बसतो. तू ब्रश उचललास की पुन्हा काम सुरू."

बाइंडरबाईने डोळे मनगटाने पुसले. मग नाक ओढून म्हणाली, "एवढं सगळं दिसतं, तर शुक्रवारी मी तुमचे ओट्स कंपनीच्या वहीला फासत होते, ते नाही दिसलं?"

"दिसलं ना," क्रेनवाला म्हणाला. "म्हटलं, आज हिची खळ काय मस्त जमलीय."